खिडकी आणि तिची चौकट

संस्कृतात खिडकीला जी नावे आहेत त्यांत तिचे काम नेमके सांगितलेले आढळते. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, आणि गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. एका नावात हवा आहे, दुसऱ्यात दृष्टी आहे. काचेचा उल्लेख मात्र कोठेच नाही. आपल्याकडील सर्वसामान्य घराच्या खिडकीत काच आली ती त्या मानाने अगदी अलीकडे. त्यापूर्वी लाकडी झडपा होत्या, गज होते, कोरीव जाळ्या होत्या. गोव्यातील जुन्या घरांत तर लाकडी पट्ट्यांच्या चौकोनांत पातळ पारभासक शिंपले बसवून उजेड आत घेतला जात असे. आज मात्र खिडकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काच उभी राहते, आणि खिडकी साफ करणे म्हणजे काच पुसणे, असा आपला समज होऊन बसला आहे. दिवाळी जवळ आली की घरोघर तावदाने लखलखू लागतात. त्यांच्या भोवतालची चौकट मात्र उपेक्षितच राहते.

वास्तविक काच ही खिडकीतील सर्वांत चिवट वस्तू होय. ती फुटेल, पण ती कुजत नाही, गंजत नाही, वाळवीच्या तोंडी पडत नाही. फुटली तरी तासाभरात दुसरी बसवता येते. खिडकी निकामी होते ती बहुधा चौकटीमुळे, आणि चौकटीचे आयुष्य ठरते ते मुख्यतः पाण्याशी तिचे कसे पटते यावर. पाण्याचा प्रत्येक पदार्थाशी व्यवहार निराळा आहे. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि कुजते. लोखंड त्याच्या संगतीने गंजते. ॲल्युमिनियम शुद्ध पाण्याला दाद देत नाही, पण चुन्याच्या वा सोड्याच्या पाण्यापुढे हार खाते. आणि हल्ली सर्वत्र दिसू लागलेले यूपीव्हीसी पाण्याला अजिबात भीत नसले तरी उन्हाने वाढते आणि काही द्रवांनी विरघळू लागते. म्हणून चौकट कशाची आहे हे ओळखल्यावाचून हाती फडके घेऊ नये. एकीला जे औषध तेच दुसरीला विष ठरते. प्रत्येकीची प्रकृती कशी असते आणि तिच्याशी कसे वागावे, हे सांगणे एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम काचेसंबंधी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्व चौकटींत सारखीच असते. काच पुसताना होणारी मुख्य चूक म्हणजे धुळीवर कोरडे फडके फिरवणे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि वाळूचा कण काचेवर ओरखडा काढू शकतो. दिल्ली, जयपूर, बिकानेर या बाजूला उन्हाळ्यात जी धूळ येते तिच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. म्हणून आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, मग भरपूर पाणी वापरावे. बादलीभर पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब पुरेत. अधिक घातल्यास साबणाचाच थर मागे राहतो. ऊन काचेवर असताना हे काम करू नये. पाणी पुसण्यापूर्वीच वाळते आणि त्यातील क्षारांचे डाग उरतात. कूपनलिकेचे जड पाणी जेथे वापरात आहे तेथे असे पांढरे डाग हमखास पडतात. ते पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरने निघतात. परंतु ते व्हिनेगर फडक्याला लावून काचेपुरतेच वापरावे. खाली संगमरवराची पट्टी असेल तर त्यावर त्याचा थेंबही पडू देऊ नये, कारण संगमरवर आम्लाने खरवडला जातो.

आता चौकटींकडे वळू. त्यांत वडीलकीचा मान अर्थातच लाकडाचा आहे.

सागवानाची ख्याती उगाच झालेली नाही. चंद्रपूरच्या अरण्यांतील सागवान असो की ब्रह्मदेशातून येणारे असो, त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल व राळेसारखी द्रव्ये असतात, आणि त्यांच्यामुळे वाळवी व बुरशी त्याच्यापासून दूर राहतात. परंतु हा गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. खोडाच्या बाहेरच्या अंगाचे फिकट लाकूड तितके टिकाऊ नसते. दुसरे असे की लाकूड चहूबाजूंनी सारखे पाणी पीत नाही. झाड जिवंत असताना ज्या नलिकांतून रस वर चढत असे, त्यांची तोंडे कापलेल्या टोकाशी उघडी असतात, आणि तेथून पाणी फार वेगाने आत शिरते. म्हणूनच लाकडी खिडकी मध्येच कुजलेली सहसा दिसत नाही. ती कुजते खालच्या कोपऱ्यांत, जेथे उभी पट्टी आडव्या पट्टीला मिळते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे शेकडा २० च्या वर दीर्घकाळ राहिले की बुरशीला राहण्याजोगे घर मिळते. त्याखाली ते राहिले तर लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सारी देखभाल या एका आकड्याभोवती फिरते, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हा लाकडी खिडकी धुऊ नये, पुसावी. ओले फडके घट्ट पिळून घ्यावे आणि मागोमाग कोरडे फडके फिरवावे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, खालचे कोपरे टोच्याने किंवा चाकूच्या टोकाने हलकेच दाबून पाहावेत. टोक सहज आत रुतले तर तेथे कूज लागली आहे असे समजावे. अशा वेळी सबंध खिडकी काढून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण कूज कोपऱ्यापुरती असेल तर तेवढा भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढून तेथे नवा तुकडा सांधता येतो, आणि जाणता सुतार हे काम अद्यापही करतो. जुन्या प्रौढ वृक्षांच्या गाभ्याचे जे लाकूड आपल्या आजोबांच्या घराला लागले, तसे आता सहजासहजी मिळत नाही. चार बोटे कुजलेल्या लाकडासाठी चार हात चांगले लाकूड भंगारात देणे हा व्यवहार नव्हे.

लाकडाला तेल-वॉर्निश लावलेले असेल तर त्याची चमक जाऊन पृष्ठभाग करडा दिसू लागताच नवा हात द्यावा. पापुद्रे सुटेपर्यंत वाट पाहू नये. जवसाचे तेल या कामी जुने व गुणाचे आहे. मात्र त्याची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हे तेल वाळते ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून, आणि त्या क्रियेत उष्णता उत्पन्न होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतल्या आत साठून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून अशा चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. काचेभोवतीची लांबीही मुळात याच तेलाची व खडूच्या पुडीची असते. ती तडकली असेल तर उकरून नवी भरावी, कारण त्या फटीतून गेलेले पाणी थेट खालच्या सांध्यात मुरते.

पावसाळ्यात झडप फुगून बसेनाशी झाली की आपण लगेच सुताराला रंधा मारायला सांगतो. येथे थोडा धीर धरावा. लाकूड आडवे फुगते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आटते. श्रावणात रंधा मारलेली झडप माघात फट दाखवू लागते. पाऊस संपल्यावर एक महिनाभर थांबून मगच कोठे किती काढायचे ते ठरवावे, आणि रंधलेली कड त्याच दिवशी रंगाने किंवा तेलाने बंद करावी.

लाकडानंतर लोखंड. पोलादी पट्ट्यांच्या बारीक चौकटींची खिडकी आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर व ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३० नंतरच्या काळात ज्या आर्ट डेको धाटणीच्या इमारती उठल्या, त्यांच्या मुखांवरील आडव्या रेषांचे सौंदर्य बऱ्याच अंशी या सडपातळ चौकटींचे आहे. मैदानाच्या दोन बाजूंच्या या वास्तुसमूहाला २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मात्र ज्या जागी जुनी पोलादी खिडकी काढून जाड पट्ट्यांची सरकती खिडकी बसते, त्या जागी इमारतीचा चेहराच बदलून जातो. अशी अदलाबदल अनेक ठिकाणी झाली आहे, आणि तिचे कारण बहुधा एकच असते. ते म्हणजे वेळीच न अडवलेला गंज.

गंजाला पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात, आणि समुद्रकाठच्या हवेतील मीठ ही क्रिया झपाट्याने पुढे नेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. खाचेत धरलेला गंज फुगून काचेवर दाब आणतो, आणि एके दिवशी कोणीही हात न लावता काच तडकते. आपण काचेला दोष देतो. खरा अपराधी तिच्या कडेखाली लपलेला असतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी, चेन्नई, विशाखापट्टण अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी म्हणून एक सोपी सवय लावून घ्यावी. महिन्यातून एकदा लोखंडी चौकट व गज गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावेत आणि लगेच कोरडे करावेत. डोळ्यांना न दिसणारे मीठ एवढ्यानेच निघून जाते.

गंज दिसू लागला असेल तर त्यावर सरळ रंग फासणे म्हणजे चोराला घरात कोंडून बाहेरून कुलूप घालण्यासारखे आहे. आधी सैल झालेला गंज खरवडून तारेच्या ब्रशाने काढावा. मग गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा, कारण उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा गंजू लागते. प्रायमर वाळल्यावर तैलरंगाचे दोन हात द्यावेत. हे काम पावसाळ्यात करू नये. बिजागरीच्या फिरत्या भागावर, कडी-कोयंड्यावर व खिटीवर रंग लावू नये. तेथे तेलाचा एक थेंब टाकावा. रंगावर रंग चढत जाऊन ज्यांची झडप कायमची मिटली आहे अशा खिडक्या जुन्या सरकारी निवासस्थानांत मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वातायन हे नाव मिरवणारी ती वस्तू तेथे केवळ भिंतीचा एक रंगीत भाग होऊन राहते.

गजांसंबंधी एक इशारा येथेच देतो. गज किंवा जाळी भिंतीत जेथे रुतलेली असते, किंवा स्क्रूने जेथे धरलेली असते, त्या जागा वर्षातून एकदा अवश्य तपासाव्यात. बाहेर काढलेल्या जाळीच्या तळाशी फुलझाडांच्या कुंड्या ठेवण्याची रीत शहरांत सर्वत्र आहे. कुंडीखालचा ओलावा कधीच वाळत नाही, आणि वरून हिरवीगार दिसणारी जाळी खालून झिजत जाते. लहान मुले त्या जाळीत बसून रस्ता पाहतात. तिच्यावर त्यांचा जेवढा विश्वास असतो तेवढी ती विश्वासाला पात्र आहे की नाही, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.

जुना रंग खरवडण्याच्या संदर्भात दुसरा इशारा याहूनही महत्त्वाचा आहे. जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे वापरली जात. लोखंडाला लावावयाचा शेंदरी प्रायमर तर पुष्कळदा खरोखरीच शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडाचा असे. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरापासून तो लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या खिडकीवर शिसे असू शकते असे धरूनच चालावे. असा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची पूड हवेत उडते, जमिनीवर बसते, आणि रांगत्या मुलाच्या हातावाटे त्याच्या तोंडात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर अनिष्ट परिणाम होतो व झालेली हानी भरून येत नाही. म्हणून असा रंग पाण्याने ओला करून मगच घासावा. खाली कागद अंथरावा. मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये. काम संपल्यावर जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रंग जाळून काढण्याची जी पद्धत आहे ती तर सर्वस्वी टाळावी, कारण तीत शिशाची वाफ श्वासावाटे आत जाते. जो कारागीर हे काम करतो त्याच्या नाका-तोंडावर योग्य मुखपट्टी असावी, हेही विसरू नये. धूळ त्याच्याही घरी जात असते.

तिसरी चौकट ॲल्युमिनियमची. अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी १८८६ साली एकमेकांस न कळत विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची रीत शोधली, आणि तोवर मौल्यवान गणलेला हा धातू हळूहळू स्वस्त झाला. तो गंजत नाही असे आपण म्हणतो. खरे पाहता हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडाचा एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच थर त्याचे कवच बनतो. ॲनोडायझिंग नावाच्या क्रियेने हे कवच जाड केले जाते, किंवा त्यावर पावडर कोटिंगचा रंगीत थर भाजला जातो. कवच शाबूत तोवर धातू शाबूत, हे येथील सूत्र आहे.

या कवचाचे दोन शत्रू आहेत: तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क. घरातला धुण्याचा सोडा, फरशी साफ करण्याचे ॲसिड, भिंतीचा चुना, सिमेंटचे पाणी, हे सारे त्यांत मोडतात. घराला रंग-सफेदी चालू असताना चुन्याचे अथवा सिमेंटचे शिंतोडे चौकटीवर पडतात आणि कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्या दिवशी ते खरवडले की खाली पांढुरका चट्टा उमटलेला असतो, आणि तो पुन्हा जात नाही. म्हणून भिंतीचे काम सुरू होण्यापूर्वी चौकट प्लॅस्टिकच्या कागदाने झाकावी, आणि शिंतोडा पडलाच तर ओला असतानाच पुसावा. एरवी या चौकटीला कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडके यांखेरीज काही लागत नाही. भांडी घासण्याची तारेची घासणी वापरू नये. तिने कवचावर ओरखडे पडतात, आणि तिचे तुटलेले लोखंडी कण मागे राहून गंजाचे ठिपके उमटवतात. समुद्रकाठी ॲल्युमिनियमवर साध्या लोखंडाचे वा पितळेचे स्क्रू मारू नयेत. खारट ओलाव्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांच्यात विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. स्क्रू पितळेचा असेल तर त्याभोवतीचे ॲल्युमिनियम झिजते. लोखंडाचा असेल तर स्क्रूच गंजून चौकटीवर तांबडे ओघळ सोडतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बरे.

चौथी चौकट यूपीव्हीसीची. हे कडक जातीचे प्लॅस्टिक असून त्याच्या पोकळीत आधारासाठी बहुधा लोखंडी पट्टी घातलेली असते. ते कुजत नाही, गंजत नाही. पण उष्णतेने पुष्कळ वाढते. दीड मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसने तापली तर यूपीव्हीसी सुमारे तीन मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियम सुमारे एक, आणि लोखंड सुमारे अर्धा. नागपूरच्या वैशाखात दुपारी जी झडप घासते ती पहाटे सुरळीत चालत असेल, तर दोष या वाढीचा आहे असे समजावे. ठोकाठोक करू नये. या चौकटीवर थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांसारखे द्रव लावू नयेत. त्यांनी पृष्ठभाग मऊ होतो व मग तेथे धूळ कायमची चिकटते. काथ्याने वा खरखरीत घासणीने घासल्यास चमक जाते आणि प्रत्येक ओरखड्यात मळ बसतो. साबणाचे पाणी व मऊ फडके एवढेच येथेही पुरते. काचेभोवती व झडपेच्या कडेला जी काळी रबरी पट्टी असते, तिला खनिज तेल लावू नये, कारण पुष्कळ जातींची रबरे त्याने फुगतात. ती पट्टी पुसून कोरडी ठेवावी आणि वर्षातून एकदा सिलिकोनचा हलका हात द्यावा.

ॲल्युमिनियमची असो वा यूपीव्हीसीची, खिडकी सरकती असेल तर तिचे मर्म तिच्या खालच्या पन्हळीत असते. पुष्कळांचा असा समज असतो की चांगल्या खिडकीच्या पन्हळीत पाणी येताच कामा नये. तसे नाही. पावसाचे पाणी पन्हळीत येणार हे गृहीत धरूनच ती घडवलेली असते, आणि ते बाहेर जावे यासाठी बाहेरच्या अंगाला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. धूळ, मेलेले किडे, रंगाचे थेंब आणि कधी कधी अतिउत्साही कारागिराने भरलेले सिलिकोन यांनी ही छिद्रे बुजतात. मग पहिल्याच वादळी पावसात पन्हळ भरून वाहते, भिंत ओली होते, आणि दोष खिडकीच्या माथी बसतो.

यामागचे गणित समजण्यासारखे आहे. ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा जो दाब देतो, त्याने साधारण एक सेंटिमीटर उंचीचे पाणी तोलून धरले जाते. वारा ताशी ६५ किलोमीटर झाला की ही उंची दोन सेंटिमीटर होते. म्हणजे वारा छिद्रांवर दाबत असताना पन्हळीत तेवढे पाणी साठल्याखेरीज ते बाहेर पडूच शकत नाही. म्हणूनच पन्हळीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच ठेवतात. छिद्रे मोकळी असतील तर वाऱ्याचा झोत ओसरताच पाणी निघून जाते. ती बुजलेली असतील तर ते साठतच राहते.

पन्हळ साफ करताना क्रम चुकू नये. आधी कोरड्या ब्रशाने धूळ काढावी. जुना दात घासण्याचा ब्रश याला उत्तम. धुळीवर आधी पाणी ओतले तर तिचा चिखल होतो आणि तोच छिद्रांत जाऊन बसतो. मग काडीने छिद्रे मोकळी करावीत, आणि शेवटी पेलाभर पाणी पन्हळीत ओतून ते कोठे जाते हे पाहावे. ते बाहेर गेले तर खिडकी निरोगी आहे. थांबून राहिले तर काम अपुरे आहे. चौकट व भिंत यांच्यामधील फट सिलिकोनने बंद केलेली असते, तीही पाहावी. ती सुटली असेल तर नव्याने भरावी, पण ती भरताना छिद्रे बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी.

आपला देश विस्तीर्ण असल्यामुळे सर्वांना एकच वेळापत्रक लावून चालणार नाही. कोकण व मुंबईकडे मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, छिद्रे, लांबी, रंग व गज यांची तपासणी व्हावी, आणि पाऊस गेल्यावर बिजागऱ्यांना तेल मिळावे. चेन्नईकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतो. तेथे हेच काम सप्टेंबरात करावे. उत्तरेकडे लू व धुळीची वादळे संपताच, पण पावसाच्या पहिल्या सरीपूर्वी, पन्हळी कोरड्या झाडून घ्याव्यात. सिमला, नैनीताल अशा थंड ठिकाणी पाणी बाहेरून येण्याऐवजी आतच उत्पन्न होते. खोलीतील बाष्प गार काचेवर व चौकटीवर जमून ओघळते. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून साध्या धातूच्या चौकटीवर हे पाणी अधिक जमते. तेथे रोज सकाळी चौकटीचा तळ पुसणे आणि स्वयंपाकघरातील वाफ बाहेर जाऊ देणे हाच उपाय आहे.

या सर्व कामाला लागणारे साहित्य एका लहान डब्यात मावते: दोन ब्रश, चार फडकी, सौम्य साबण, तेलाची कुपी, पेचकस आणि काही काड्या. वेळ लागतो तो वर्षातून एखाद-दुसरा दिवस. माझ्या पाहण्यात आलेल्या इमारतींच्या अंदाजपत्रकांत रंगकामाला रक्कम असते, नव्या खिडक्यांना तर मोठी रक्कम असते. परंतु छिद्रे मोकळी करणे, लांबी पाहणे, बिजागरीला तेल देणे अशी बाब क्वचितच आढळते. जे काम जवळजवळ फुकट होते त्याला कागदावर जागा नसते, आणि जागा नसल्यामुळे ते होत नाही. घराच्या अंदाजपत्रकाचीही हीच गत आहे.

अखेरीस, ज्याच्या हातून हे काम होते त्याच्याविषयी. उंच इमारतींत खिडकीच्या बाहेरची बाजू पुसण्यासाठी कामाला येणारी बाई किंवा एखादा पोरगेलासा नोकर अरुंद पट्टीवर उभा राहिलेला आपण रस्त्यावरून पाहतो, आणि नजर दुसरीकडे वळवतो. जुन्या पोलादी खिडकीच्या कित्येक बिजागऱ्या मुद्दाम पुढे काढलेल्या असत. झडप पूर्ण उघडली की तिच्या व चौकटीच्या मध्ये हात जाईल एवढी फट पडे, आणि आत उभे राहूनच बाहेरची काच पुसता येई. ज्या कोणी ती बिजागरी योजली त्याने पुसणाऱ्याचा विचार केला होता. आजच्या सरकत्या खिडकीत आतून हात पोहोचेल तेथपर्यंत लांब दांड्याच्या वायपरने पुसावे. झडप रुळावरून उचलून आत घेता येत असेल तर दोघांनी मिळून ती घ्यावी. बाकीची काच मळकी राहिली तरी चालेल, किंवा दोर व पट्टे बांधून काम करणाऱ्या जाणत्या माणसांना बोलवावे. नवे घर घेताना अथवा खिडकी बदलताना विक्रेत्याला रंग, किंमत व काचेची जाडी आपण विचारतोच. त्याबरोबर ही बाहेरून पुसायची कशी, हाही प्रश्न विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर ती खिडकी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. काचेवरचा डाग राहिला तर बिघडत नाही. तो काढण्यासाठी कोणाचाही पाय खिडकीबाहेर पडता कामा नये.